एकाच कंपनीचे दिसत नाहीत

पेंटरच्या घरात दोन बोर्ड होते आणि दोन्ही अर्धवट होते. एक दुकानाच्या दारावर लावायचा, सहा फुटी, पांढरं अस्तर मारून भिंतीला टेकवून ठेवलेला. दुसरा विजेचा, मीटरच्या बाजूला भिंतीत बसवलेला, ज्यात बटणांसारखे आठ ब्रेकर एका ओळीत बसायचे होते आणि बसले होते सात. पहिला बोर्ड अडला होता कारण दुकानाला नाव सापडत नव्हतं. दुसरा का अडला, तीच तर गोष्ट आहे.

दुकान पेंटरचं नव्हे, बायकोचं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पेंटर स्वतः ते कधीकधी विसरायचा. सव्वीस वर्षं ती दुसऱ्याच्या बेकरीत पाव भाजत होती. पहाटे जायची आणि दुपारी पिठाने पांढरी होऊन परत यायची. तरी गल्लीत तिला सगळे पेंटरीणबाई म्हणायचे. "मी आयुष्यात रंगाचा डबा उघडला नाही," ती म्हणायची, "आणि मी पेंटरीण!" यावर पेंटर हसायचा. तिला हसू येत नसे.

तर यंदा तिने मनावर घेतलं. नोकरी सोडली, कोणाची तरी जुनी विजेची भट्टी घेतली, बाहेरची खोली रिकामी केली, आणि दवाखान्याच्या कँटीनला पाव पुरवायचं काम मिळवलं. एक तारखेपासून रोज तीनशे पाव. कँटीनच्या मॅनेजरची एकच अट होती: वीज कार्यालयाचा मंजुरीचा कागद दाखवा. भट्टी वीज खाते पोतंभर, म्हणून जोडणी वाढवून हवी, आणि वाढवायची तर बोर्ड तपासून घ्यायला हवा. एक तारखेला कागद नसला, तर काम दुसऱ्याकडे. आणि जुन्या बेकरीत तिच्या जागी दुसरी बाई कधीच उभी राहिली होती.

वायरमनने सात ब्रेकर बसवले, सगळे एका कंपनीचे. पेंटर माणसांची नावं विसरतो पण रंग विसरत नाही, त्यामुळे तो तिला करडी कंपनी म्हणे. आठवा भट्टीचा, जास्त ताकदीचा. तो करड्या कंपनीचा दुकानात संपला होता, वीस दिवसांनी, पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला येणार होता. निळ्या दांडीचे, दुसऱ्या कंपनीचे मात्र खोकंभर पडले होते.

"मग निळा द्या," पेंटर दुकानदाराला म्हणाला. "ब्रेकर तो ब्रेकर."

बरोबर आलेल्या वायरमनने तो निळा हातात घेतला, उलटापालटा केला आणि परत टेबलावर ठेवला. "काका, हा नाही चालणार. या सगळ्यांच्या खालून तांब्याची एक दातेरी पट्टी जाते, कंगव्यासारखी. एकेक दात एकेका ब्रेकरच्या तोंडात जातो. या कंपनीचं तोंड जरा खाली आहे. दात नीट पकडणार नाही."

"जरा म्हणजे किती?"

"तुमच्या नखाएवढं."

"नखाएवढ्यासाठी वीस दिवस?"

"मी तर नाही बसवणार बुवा," वायरमन म्हणाला. "करडा आला की फोन करा." आणि तो दुसऱ्या कामावर निघून गेला.

आता पेंटरने गप्प बसावं की नाही? पण वरच्या मजल्यावर मास्तर राहतात. भूमिती शिकवून निवृत्त झाले, आणि आता जगातल्या सगळ्या वस्तूंकडे त्रिकोण आणि वर्तुळं म्हणून बघतात. ते जिना उतरून आले, चष्मा कपाळावर चढवून बोर्डात डोकावले आणि म्हणाले, "यात काय आहे? दात नखाएवढा खाली वाकवला की झालं. वायरमन लोकांना भूमिती येत नाही." मास्तरांच्या सांगण्यावरून पेंटरने याआधी एकदा शिडी भिंतीला साठ अंशात लावली होती आणि तीन आठवडे प्लास्टर मिरवलं होतं. पण माणूस अनुभवाने शहाणा होतो, ही म्हणणारांची फक्त इच्छा असते. मेन स्विच बंद करून पेंटरने पक्कडीने दात वाकवला, दुकानातून आणलेला निळा ब्रेकर बसवला आणि स्क्रू असा पिळला की स्क्रूने कुरकुर केली.

"घट्ट?" मास्तरांनी विचारलं.

"घट्ट!"

अठरा तारखेला वीज कार्यालयाचे इन्स्पेक्टर आले. बारीक अंगाचे, बगलेत फाईल, कपाळावर कायमची एक आठी. त्यांनी बोर्डाचं झाकण उघडलं, निळ्या दांडीवर त्यांची नजर पडली आणि आठीच्या शेजारी दुसरी आठी आली. त्यांनी कागदावर शेरा लिहिला, सही ठोकली आणि निघून गेले. त्यांना आणखी अकरा घरं करायची होती.

शेरा असा होता: "सर्व ब्रेकर एकाच कंपनीचे दिसत नाहीत. योग्य ती दुरुस्ती करून दाखवावी."

तुम्ही आम्ही हा शेरा वाचला असता तर मान खाली घालून वायरमनला फोन केला असता. पण पेंटरचं सगळं आयुष्य पाट्या वाचण्यात आणि लिहिण्यात गेलेलं. त्याच्या हाताखालून गेलेल्या पाटीवर काना-मात्रा चुकली, असं कोणी कधी म्हणालं नाही. तो शब्द चघळून वाचायचा. त्याने तो कागद तीनदा वाचला.

"दिसत नाहीत," तो बायकोला म्हणाला. "नाहीत असं नाही लिहिलं, दिसत नाहीत असं लिहिलंय. आणि पुढे काय? दाखवावी."

"मग?"

"मग काही नाही. दिसतील. दाखवू. तू पिठाचं बघ."

तिला वाटलं, नवरा कुठून तरी करडा ब्रेकर पैदा करणार. ती पिठाचं बघायला गेली. एवढा विश्वास टाकला बिचारीने.

पेंटरने निळा ब्रेकर काढला, खिडकीपाशी स्टुलावर ठेवला आणि कामाला बसला. करडा रंग एका डब्यात मिळत नाही, ही गोष्ट ज्याने आयुष्यभर फक्त भिंती रंगवल्या त्याला कळायची नाही. पांढऱ्यात काळा, काळ्यात चिमूटभर पिवळा, पिवळ्यात नुसती निळ्याची आठवण. सात वेळा रंग लावून सात वेळा पुसला. मग ती दांडी, मग बाजू, आणि मग कंपनीची खूण: एक गोल आणि त्यातून वर जाणारा बाण. मुगाच्या डाळीएवढा गोल! त्याखाली कंपनीचं नाव, मुंगीलाही चष्मा लागावा एवढ्या अक्षरात. तीन केसांचा ब्रश, श्वास रोखलेला, जीभ दातांखाली. दोन दिवस लागले. वाळल्यावर त्याने तो बाकीच्या सातांच्या ओळीत बसवला, मागे सरकला आणि त्याचा त्यालाच आठवा ओळखता येईना. डावीकडून मोजावं लागलं.

पेंटरचे डोळे भरून आले. मोठमोठ्या दुकानांवर पुरुषभर उंचीची अक्षरं काढली, पण असं काम हातून कधी झालं नव्हतं, आणि दुःख हे की कोणाला सांगायची सोय नव्हती. मास्तरांना सांगितलं म्हणा. पण मास्तरांना सांगणं म्हणजे सांगणं नव्हेच, ते फक्त गोलाची त्रिज्या विचारतात.

सव्वीस तारखेला इन्स्पेक्टर पुन्हा आले. झाकण उघडलं, चष्मा पुसला, आत बघितलं. एकेका ब्रेकरवरून बोट फिरवत गेले. तिसऱ्यावर बोट थांबलं.

"हा नवीन बसवलात वाटतं?"

तिसरा अस्सल होता. कारखान्यातून आलेला.

"का हो साहेब?"

"याची छपाई जरा भुरकट आहे. हल्ली नकली माल फार सुटलाय. हा बघा," असं म्हणून त्यांनी आठव्यावर टिचकी मारली, "याला म्हणतात कंपनीचं काम. बाणाचं टोक बघा कसं आहे."

पेंटरला एकाच वेळी हसू, रडू आणि उचकी आली. जिभेवर आलेलं "ते टोक माझं आहे!" त्याने कसंबसं गिळलं. इन्स्पेक्टरने कागदावर "दुरुस्ती पाहिली, योग्य" असं लिहिलं आणि सांगितलं, "आज भट्टी चालवून बघा. उद्या अकराला कार्यालयात या, शिक्का मारून मंजुरी घेऊन जा."

त्या दुपारी तिने पहिली भट्टी लावली. पदर खोचला, कणकेचे गोळे ओळीत मांडले आणि दार लावलं. खोलीत पावाचा वास पसरायला लागला. तिने पिठाचे हात समोर धरले आणि नुसती भट्टीकडे बघत उभी राहिली. पेंटर आणि मास्तर बाहेर बाकावर बसले होते, आणि पेंटर मास्तरांना इन्स्पेक्टरची ती टिचकी चौथ्यांदा करून दाखवत होता.

टिचकी मारायला उचललेलं बोट हवेतच राहिलं. पेंटरने नाक वर केलं.

"पाव छान भाजतोय," मास्तर म्हणाले.

"पाव नाही हो," पेंटर म्हणाला. "रंग."

तापलेल्या ऑइलपेंटचा वास तीस वर्षं त्याच्या नाकात होता. भर उन्हात पत्र्यावर अक्षरं काढताना डबा तापला की असाच यायचा. पण घरात सगळे डबे झाकलेले होते. तो उठला, बोर्डापाशी गेला, झाकण उघडलं. आठव्या ब्रेकरवरचा करडा रंग मऊ पडला होता. वर जाणारा बाण मान टाकून खाली बघत होता, आणि कंपनीच्या नावातलं शेवटचं अक्षर ओघळून ब्रेकरच्या बुडाशी आलं होतं.

पेंटरने हात लावला आणि चटका बसला. तसा त्याने धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला.

भट्टीचा लाल दिवा विझला. आत चाळीस पाव अर्धे भाजून तसेच राहिले. ती बाहेर आली, बोर्डात बघितलं. बोटाने कडेचा रंग पुसला. खालून निळा निघाला.

"हे काय आहे?"

"रंग."

"म्हणजे तुम्ही बदललाच नाहीत?"

"शेऱ्यात होतं, दिसत नाहीत…" पेंटरने सुरुवात केली आणि तिच्याकडे बघून वाक्य सोडून दिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बाकावर बसली, मास्तर उठून उभे राहिले.

"सव्वीस वर्षं दुसऱ्याच्या भट्टीपुढे उभी राहिले," ती म्हणाली. "आयुष्यात एक भट्टी माझी. ती पेटावी एवढंच मागितलं, अहो. घरासकट नको होती पेटायला."

मास्तर जिना चढून गेले, न बोलता. जिन्याच्या पायऱ्यांना तशी सवय नव्हती.

वायरमन आला. त्याने आठवा काढला आणि उजेडात धरला. "बघा काका. स्क्रू घट्ट आहे, पण दात स्क्रूच्या तोंडात गेलाच नाही. मागच्या बाजूला नुसता टेकलाय. वरून घट्ट, आतून पोकळ. म्हणून इथे तापून काळं पडलं. प्रत्येक कंपनी आपला माल आपल्याच मालाबरोबर तपासते. दुसऱ्याच्या घरात कोण कसं वागेल, याची हमी कोणीच देत नाही." मग त्याने ओघळलेल्या रंगावरून बोट फिरवलं. "पण रंग लावला नसतात तर वास आला नसता. भिंतीत जळत राहिलं असतं, कळलंही नसतं."

हे कौतुक होतं की टोमणा, हे पेंटरला त्या दिवशी ठरवता आलं नाही. रात्री त्याला झोप आली नाही. उद्या अकराला शिक्का मिळणार होता. करडा ब्रेकर पाच तारखेला येईल. कागद हातात आला, एक तारखेला मॅनेजरला दाखवला, आणि चार-पाच दिवस भट्टी कमी तापवून… तो स्वयंपाकघरात गेला. ती ते अर्धे कच्चे पाव एकेक करून टोपलीत टाकत होती. पेंटर तिच्या शेजारी बसला आणि तोही टाकू लागला. टोपली भरली तेव्हा त्याचं ठरलं होतं.

सकाळी अकराला दोघंही कार्यालयात गेले. इन्स्पेक्टरसाहेब शिक्का शाईत बुडवत होते. पेंटरने त्यांच्या टेबलावर ब्रेकर ठेवला.

"साहेब, शिक्का मारू नका. हा बघा."

इन्स्पेक्टरने ब्रेकर उचलला. नखाने खरवडला. नखाखाली करडा आला, नखाबाहेर निळा. त्यांच्या कपाळावर आठ्यांना जागा पुरेना. त्यांनी उठून दार लावलं.

"हे तुम्ही रंगवलंत?"

"हो."

"हाताने?"

"तीन केसांच्या ब्रशने."

"आणि मी…" इन्स्पेक्टर खुर्चीत बसले. "बाहेर कोणाला दाखवलंत?"

"शिपायाला दाखवला, आत सोडेना म्हणून. तो लांबूनच बघून म्हणाला, यात काय, हा तर कंपनीचाच आहे."

इन्स्पेक्टर थोडे सावरल्यासारखे वाटले. आणि मग भडकले. "अहो, फसवणूक आहे ही! घर जळलं असतं! मी स्पष्ट लिहिलं होतं!"

"तुम्ही लिहिलं होतं, दिसत नाहीत," पेंटर नम्रपणे म्हणाला. "दुरुस्ती करून दाखवावी."

इन्स्पेक्टरने फाईल ओढून स्वतःचा शेरा वाचला. मग पुन्हा वाचला. "ही कार्यालयाची भाषा आहे हो! तिचा अर्थ असा शब्दाला धरून लावायचा नसतो!"

"साहेब," बायको पहिल्यांदाच बोलली. "चूक यांची आहे. माझीही आहे, विचारलं नाही म्हणून. काय शिक्षा असेल ती द्या. पण एक तारखेला माझे तीनशे पाव जायचेत, आणि करडा ब्रेकर यायचाय पाच तारखेला. खोटं नको मला. खरा रस्ता असेल तर सांगा."

इन्स्पेक्टरने तिच्याकडे बघितलं. पुन्हा त्या बाणाकडे बघितलं, मान टाकलेल्या.

"या निळ्या कंपनीची लहान पेटी मिळते का तुमच्या दुकानात?"

"ढिगाने आहेत."

"मग भांडण कसलं आहे? सात करडे आहेत तिथे सुखाने राहू द्या. निळ्याला त्यांच्यात कोंबायचंच कशाला? मीटरपासून स्वतंत्र वायर घ्या, निळ्या कंपनीची पेटी, त्यात निळ्या कंपनीचाच नवा ब्रेकर. वायरमनकडून, तुमच्या हाताने नाही. एका घरात पटत नसलं की काय करतात माणसं? द्या त्याला वेगळी चूल मांडून."

ती एकदम हसली. किती तरी दिवसांनी हसली, आणि तोंडावर पदर धरला तरी हसू थांबेना.

"काय झालं?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"काही नाही साहेब. सव्वीस वर्षांनी मीही तेच करतेय."

पेंटरने तिच्याकडे बघितलं. त्याच्या डोक्यात एक सहा फुटी पांढरा बोर्ड भिंतीला टेकून उभा होता.

वायरमनने अठ्ठावीसला निळी पेटी बसवली. मास्तर जिन्यावरूनच बघत होते. "काही सल्ला?" पेंटरने विचारलं. "मला यातलं काही कळत नाही," मास्तर म्हणाले, आणि सगळ्या गल्लीत ही बातमी झाली.

तीस तारखेला इन्स्पेक्टर आले ते किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊनच. एकेक ब्रेकर किल्लीने खरवडला. सात करडे खरवडले, निळा खरवडला, दोन्ही पेट्यांची झाकणं खरवडली. मग भट्टी तासभर चालवायला लावली, निळ्या पेटीवर तळहात ठेवून बाकावर बसून राहिले. पेटी गार ती गार. तासाने त्यांनी शेरा लिहिला. या वेळी बराच वेळ लिहीत होते. "ब्रेकर ज्या त्या कंपनीच्या पेटीत आहेत. म्हणजे खरोखरच आहेत. प्रत्यक्ष खरवडून पाहिले." खाली सही, आणि शिक्का ते बरोबरच घेऊन आले होते.

एक तारखेला तीनशे पाव दवाखान्यात गेले. मॅनेजरने कागद बघितला, एक पाव मोडला, अर्धा तोंडात टाकला आणि फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. दुपारी पेंटर औषधांच्या दुकानात गेला, चटक्यावर लावायला मलम आणायला. तिथे दुकानदाराने दुसऱ्या गिऱ्हाइकाला ओळख करून दिली, "हे बेकरीवाल्या बाईंचे मिस्टर." तीस वर्षांत पेंटरला असं कोणी म्हटलं नव्हतं. त्याचा अपमान झाला. तो अपमान घरापर्यंत चालत येईस्तोवर पुरला, आणि दारात तिला पिठाच्या हातांनी गिऱ्हाइकांशी बोलताना बघितल्यावर संपला.

संध्याकाळी इन्स्पेक्टर पुन्हा आले. आता काय राहिलं, असं पेंटरला वाटलं. पण त्यांच्या बगलेत फाईल नव्हती, हातात पिशवी होती. त्यांनी सहा पाव घेतले. जाताना दारात थांबले आणि वर बघितलं. सहा फुटी बोर्ड आज सकाळीच चढला होता. पांढऱ्यावर तांबडी अक्षरं, प्रत्येक अक्षर पुरुषाच्या हाताएवढं: "वेगळी चूल". खाली बारीक अक्षरांत तिचं पूर्ण नाव, आणि त्याहून बारीक, कोपऱ्यात, कोणाला दिसणार नाही असा, एक गोल आणि त्यातून वर जाणारा बाण.

इन्स्पेक्टरने खिशातून किल्ल्या काढल्या, हात वर नेला आणि मधेच थांबवला.

"हा रंगवलेला आहे ना?"

"हो साहेब," पेंटर म्हणाला. "रंगवलेला आहे. आणि आत जे आहे, तेच वर लिहिलंय."